हेडर बसवण्याआधी बोल्ट काढावे लागतात: जुन्या पिकअपचं एक्झॉस्ट, घरच्या घरी

आजचा भाग जरा ग्रीसने माखलेला आहे. एक्झॉस्ट हेडर बसवणं या विषयावर मी पॉडकास्टमध्ये जे बोललो, ते इथे नीट लिहून काढतोय. बोलण्यातलं ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ गाळलंय, आणि आकडे तपासून टाकलेत. कारण सरळ आहे. हातात पाना आणि बोटांना काळं तेल असताना फोनवर भाग मागे-पुढे करत बसता येत नाही, एक नजर टाकून वाचता मात्र येतं.

मी राहतो मिशिगनमध्ये. माझी गाडी म्हणजे एक जुनी शेव्हरले सिल्व्हरॅडो १५००, ५.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन असलेली. इथे पिकअपला सगळे ‘ट्रक’ म्हणतात. आपल्याकडे ट्रक म्हटलं की ‘हॉर्न ओके प्लीज’ डोळ्यांसमोर येतं. तो ट्रक हा नव्हे. पुढे माणसं बसतात, मागे उघडा हौदा असतो, एवढंच.

या भागातून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: घरी हेडर बसवण्याच्या कामात ‘बसवणं’ हा छोटा भाग आहे. मोठा भाग आहे जुने बोल्ट न तोडता काढणं, आणि तुटलेच तर निस्तरणं. यूट्यूबवर वीस मिनिटांत चकचकीत पाइप बसताना दिसतात. गंजलेल्या गाडीत त्याच कामाला दोन वीकेंड लागू शकतात. तेवढा वेळ हाताशी असेल तरच हात घाला.

आधी शब्द समजून घेऊ

मराठीत आपण एक्झॉस्टच्या सगळ्या भागाला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो. पण सायलेन्सर हा त्या रस्त्यावरचा शेवटून दुसरा थांबा. रस्ता सुरू होतो इंजिनच्या हेडपासून. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळलं की तापलेला वायू व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो आणि हेडला बोल्टने आवळलेल्या एका जाड भागात येतो. तो भाग म्हणजे मॅनिफोल्ड. कंपनीतून येतो तो बहुतेक वेळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. तिथून पुढे पाइप, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग सायलेन्सर, मग शेपटाचा पाइप.

हेडर हा मॅनिफोल्डच्या जागी बसतो. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी नळी असते आणि पुढे जाऊन त्या चारही नळ्या एका ठिकाणी मिळतात. त्या जागेला कलेक्टर म्हणतात. व्ही-८ मध्ये दोन बाजू असतात, म्हणून हेडरही दोन.

फरक कळण्यासाठी दादर स्टेशन आठवा. चार गाड्यांची गर्दी एकाच अरुंद जिन्यावर आली की काय होतं? पुढचे चढतायत तोवर मागचे येऊन धडकतात. मॅनिफोल्ड म्हणजे तो जिना. हेडर म्हणजे प्रत्येक फलाटाला वेगळा जिना, आणि चारही जिने वर एका रुंद पुलावर उतरतात.

यात अजून एक गंमत आहे. या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम आहे १-८-७-२-६-५-४-३. ड्रायव्हरच्या बाजूला सिलिंडर आहेत १, ३, ५, ७. आता क्रम पुन्हा बघा. शेवटी ३ नंबर पेटतो आणि लगेच नव्या फेरीत १ नंबर. म्हणजे एकाच बाजूचे दोन सिलिंडर एकापाठोपाठ, क्रँकच्या फक्त ९० अंशांच्या फरकाने पेटतात. बाकीच्यांमध्ये १८० किंवा २७० अंशांचं अंतर असतं. पलीकडच्या बाजूला २ आणि ६ ची तीच गत. अमेरिकन व्ही-८ चा जो भडभड आवाज आपल्याला आवडतो, तो या असमान अंतरामुळे येतो. आणि आखूड मॅनिफोल्डमध्ये याच जोड्या एकमेकांच्या वाटेत येतात. वेगळ्या नळ्या असल्या की एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही. उलट नळीची लांबी बरोबर असेल तर पुढे गेलेल्या वायूच्या मागे कमी दाब तयार होतो आणि तो पुढच्या सिलिंडरमधला धूर ओढून घ्यायला मदत करतो.

मग ताकद किती वाढते?

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. या पिढीच्या ५.३ लिटर इंजिनची कंपनीने दिलेली ताकद पावणेतीनशे ते तीनशे अश्वशक्तीच्या दरम्यान आहे. त्यावर आखूड हेडर बसवून जी वाढ मिळते ती रोजच्या चालवण्यात जाणवेल अशी नसते. लांब नळ्यांचे हेडर आणि सोबत इंजिनच्या संगणकाची नवी सेटिंग असेल तर फरक दिसतो. पण लांब नळ्यांची स्वतःची डोकेदुखी आहे, ती पुढे सांगतो.

तेव्हा ‘ट्रक रॉकेट होईल’ या आशेवर पैसे घालणार असाल तर थांबा. चांगले टायर घ्या, जास्त आनंद मिळेल.

मग मी का बसवले? तुटलेल्या बोल्टमुळे

या इंजिनाचा एक जुना आजार आहे आणि हे ट्रक चालवणाऱ्यांना तो चांगला माहीत असतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक-टिक आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांनी गायब होतो. बऱ्याच जणांना वाटतं इंजिनच्या आतला लिफ्टर वाजतोय. पुष्कळदा कारण वेगळंच असतं: मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्यातला बोल्ट तुटलेला असतो. थंड असताना तिथे फट राहते आणि वायू टिकटिकत बाहेर पडतो. तापल्यावर लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज बंद.

बोल्ट तुटतो का? हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा, बोल्ट पोलादी. तीन धातू, तिघांचं फुगणं वेगळं. ढोबळ हिशेब करू. या इंजिनात दोन शेजारच्या सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंच आहे, म्हणजे एका बाजूच्या पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरमध्ये साधारण ३३५ मिलिमीटर. हेड तापतं शंभर अंशांच्या आसपास, कारण त्यातून पाणी फिरतं. मॅनिफोल्ड मात्र ओझं ओढताना पाचशे अंशांपर्यंत सहज जातो. त्यामुळे मॅनिफोल्ड त्या लांबीत हेडपेक्षा साधारण एक मिलिमीटर जास्त वाढतो. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण दर वेळी गाडी तापते आणि थंड होते तेव्हा तो एक मिलिमीटर टोकाच्या बोल्टांना आडवा ढकलतो, परत ओढतो. वर्षानुवर्षं असं चाललं की बोल्टचं डोकं एक दिवस उडतं. त्यात मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे गंज आलाच.

नुसता आवाज असता तर कानाडोळा केला असता. पण ही गळती दोन ठिकाणी त्रास देते. पहिली गोष्ट, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची. मागचा कोपरा म्हणजे केबिनच्या भिंतीलगतची जागा. केबिनमध्ये येणारी ताजी हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत जाते, आणि ती जाळी तिथून जवळ. कन्व्हर्टरमधून न गेलेल्या त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात काचा बंद, हीटर चालू आणि मागच्या सीटवर झोपलेलं पोर. माझ्यासाठी काम करायचं कारण तेवढं पुरेसं होतं.

आता एक प्रामाणिक सल्ला. फक्त टोकाचा एकच बोल्ट तुटला असेल आणि मॅनिफोल्डला तडा नसेल, तर एक छोटी क्लॅम्प मिळते. ती हेडच्या टोकाला असलेल्या मोकळ्या भोकात बोल्टने बसते आणि मॅनिफोल्डचा कोपरा दाबून धरते. कमी खर्चात, अर्ध्या दिवसात काम होतं. माझ्या ट्रकला दोन बोल्ट गेलेले होते आणि मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकलेला होता, म्हणून हेडरकडे वळलो.

आखूड की लांब? आणि कायदा काय म्हणतो

आखूड हेडर जुन्या मॅनिफोल्डच्याच जागेत संपतो, त्यामुळे पुढचा पाइप, कन्व्हर्टर, सेन्सर सगळं जिथल्या तिथे राहतं. लांब नळ्यांचा हेडर खाली गिअरबॉक्सपर्यंत येतो, म्हणजे पुढचा पाइप कापावा लागतो आणि बऱ्याचदा कन्व्हर्टर हलवावे किंवा काढावे लागतात.

इथेच कायदा येतो. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार गाडीची प्रदूषण नियंत्रणाची साधनं काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे. मिशिगनमध्ये आपल्या पीयूसीसारखी नियमित तपासणी नाही, म्हणून इथे लोक म्हणतात, ‘कोण बघतंय?’ तपासणी नसली तरी केंद्राचा कायदा लागू आहेच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या गाडीमागे चालणारं माणूस तो धूर घेतं. कॅलिफोर्नियात नियम अजून कडक आहेत. तिथे हेडरवर तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. हा क्रमांक असलेला हेडर तुम्ही दुसऱ्या राज्यात घेतलात तरी फायद्याचंच. उद्या तिकडे राहायला गेलात तर प्रश्न येत नाही.

विकत घेताना मी तीन गोष्टी बघितल्या. एक, हेडला टेकणारी पट्टी म्हणजे फ्लँज जाड आहे का. ३/८ इंच जाडीची पट्टी तापून लवकर वाकत नाही, पातळ पट्टी वाकते आणि पुन्हा गळती सुरू. दोन, धातू कोणता. मिठाच्या रस्त्यांवर स्टेनलेस टिकतं. साध्या लोखंडावर नुसता रंग असेल तर तो पहिल्या फेरीतच जळतो. तीन, आपल्याच वर्षाच्या आणि मॉडेलच्या ट्रकसाठी आहे का. त्याच इंजिनाच्या दुसऱ्या गाडीचा हेडर हेडला बसेल, पण स्टिअरिंगच्या दांड्याला अडेल.

हात घालण्याआधी

हा भाग कृपया गाळू नका.

ट्रक दोन टनांहून जास्त वजनाचा आहे. जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. सपाट काँक्रीटवर उभा करा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावा, हँडब्रेक ओढा, पुढून उचला आणि चेसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा. मग ट्रकला हाताने जोरात हलवून बघा. हलला तर तुम्ही खाली जायचं नाही. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. तो फुकटचा विमा.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण तार काढा. चष्मा घाला, कारण खाली झोपल्यावर गंजाचा चुरा थेट डोळ्यांत येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गॅरेजमध्ये इंजिन चालू करू नका. इथली गॅरेज घराला चिकटून असतात. दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. एक्झॉस्ट अर्धवट जोडलेलं असताना तर अजिबात नाही. गाडी बाहेर काढायची, मगच चावी फिरवायची. घरात त्याचा अलार्म आहे आणि चालतोय ना, हे त्या दिवशी सकाळीच बघून घ्या.

जुनं काढणं: खरं काम इथे आहे

तीन-चार दिवस आधीपासून रोज थंड इंजिनवर, बोल्टांच्या मुळाशी गंज सैल करणारं तेल मारत राहा. थोडंच मारा, आणि मारल्यावर लगेच इंजिन चालू करू नका. तापलेल्या लोखंडावर ते तेल पेटू शकतं.

पुढची चाकं काढली की आत प्लॅस्टिकचं मडगार्ड दिसतं. तेही काढून टाका. अर्धा तास जातो, पण मग मॅनिफोल्डचे बोल्ट सरळ समोर येतात. वरून बॉनेटमधून हात घालून केलेलं तेच काम तिप्पट वेळ खातं.

मग स्पार्क प्लगच्या तारा. तार धरून ओढायची नाही, टोकाचा रबरी भाग थोडा पिळून मग ओढायचा. प्लग ५/८ इंचाच्या सॉकेटने काढून ठेवा, नाहीतर पाना निसटून त्यांची चिनी माती फुटते. काढलेल्या तारांना नंबर लावा. आपल्याला वाटतं लक्षात राहील. राहत नाही. म्हणून प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो.

खालच्या पाइपचे नट बहुतेक गंजून गोल झालेले असतात. इथे एक नियम ध्यानात ठेवा: जो भाग भंगारात जाणार आहे त्याच्यावर हवा तेवढा जोर लावा, जो भाग राहणार आहे त्याच्याशी गोड बोला. खालचे स्टड जुन्या मॅनिफोल्डमध्येच बसलेले आहेत आणि तो जाणार आहे. तुटले तर तुटू द्या. हेडमधले बोल्ट मात्र वेगळे. हेड राहणार आहे.

हेडला प्रत्येक बाजूला सहा बोल्ट असतात, ८ मिलिमीटर जाडीचे, १३ नंबरचा सॉकेट लागतो. सहा कोनांचाच सॉकेट घ्या. बारा कोनांचा गंजलेल्या डोक्यावरून घसरतो. पाना लावून हळू जोर द्या. बोल्ट जरा हलला की लगेच पूर्ण काढायला जाऊ नका. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, तेल, पुन्हा सैल. हाताला नीट लक्ष देऊ द्या. फिरताना ‘करकर’ लागत असेल तर तो सुटतोय. जोर लावूनही रबरासारखा मऊ लागत असेल तर तो पिळला जातोय, तुटायच्या बेतात आहे. तिथे थांबा, तेल मारा, चहा घ्या.

हेड किंचित कोमट असेल तर मदत होते, कारण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि बोल्टची पकड थोडी ढिली होते. कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतकंच.

तुटलेल्या बोल्टचं काय?

तीन शक्यता असतात.

पहिली, बोल्टचा तुकडा बाहेर डोकावतोय. मॅनिफोल्ड निघाला की त्या तुकड्याला ताण राहत नाही आणि कधी कधी तो साध्या लॉकिंग पकडीनेही फिरतो. माझ्या दोनपैकी एक असाच निघाला. मला विश्वास बसेना.

दुसरी, तुकडा हेडच्या बरोबरीने तुटलाय. इथे वेल्डिंग कामाला येतं. तुकड्यावर एक नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत टाका मारायचा. वेल्डिंगचं पोलाद ॲल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हेड वाचतं. शिवाय त्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. थोडं थंड होऊ द्या, मग नटाला पाना लावून हळूच पुढे-मागे. पहिल्यांदा नट निघून येईल, पुन्हा लावा. तीन-चार वेळा करावं लागू शकतं. वेल्डिंग येत नसेल तर शिकायची ही जागा नाही. घरी येऊन करून देणारा वेल्डर बोलवा. माझा दुसरा बोल्ट अशाच एका कारागिराने वीस मिनिटांत काढला आणि त्याची मजुरी मला अजिबात जड वाटली नाही.

तिसरी, तुकडा आत खोल आहे. मग ड्रिल. बरोबर मध्यावर खूण पाडायची, उलट्या दिशेने कापणारा बिट लावायचा आणि लहान भोकापासून सुरू करायचं. उलटा बिट कापता कापताच कधी कधी तुकड्याला बाहेर घेऊन येतो. ड्रिल तिरपं गेलं तर ॲल्युमिनियम कापलं जातं, कारण ते मऊ आहे. तेव्हा मार्गदर्शक पट्टी वापरा. आटे खराब झालेच तर तारेचे नवे आटे बसवता येतात. एक धोका आहे तो म्हणजे स्वस्तातला एक्स्ट्रॅक्टर. तो आत तुटला तर इतका कडक असतो की साध्या ड्रिलने कापला जात नाही. एका तुकड्याचे दोन होतात आणि हेड उतरवायची वेळ येते.

नवं बसवणं

इथपर्यंत आलात तर डोंगर उतरलात. हेडचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडून साफ करा. फिरणारी सँडपेपरची चकती लावू नका, ॲल्युमिनियमवर खड्डे पडतात. सगळ्या भोकांत ८ मिलिमीटरचा, १.२५ च्या आट्यांचा टॅप हाताने फिरवून आटे साफ करून घ्या. फुंकून चुरा बाहेर काढा.

गॅस्केट कागदी नको, पोलादी थरांचं घ्या. मूळ कंपनीचं गॅस्केट याच प्रकारचं असतं आणि टिकतं.

आता हेडर जागेवर न्या. एका बाजूला इंजिन ऑइलची डिपस्टिक असलेली नळी मध्ये येते, ती मोकळी करून बाजूला धरावी लागते. ड्रायव्हरकडे स्टिअरिंगचा दांडा असतो. हेडर खालून वर जातो की वरून खाली, हे त्याच्या डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. इथे दुसरं माणूस असलं तर बरं.

सहाच्या सहा बोल्ट आधी हाताने, चार-पाच आटे धरेपर्यंत लावा. हाताने फिरत नसेल तर पाना लावू नका, तो तिरपा जातोय. खालचा कलेक्टरही आत्ता सैलच जोडून ठेवा. सगळं सैल असेल तरच सगळं जागेवर बसतं.

मग टॉर्क रेंच. मधल्या दोन बोल्टांपासून सुरुवात, आणि आलटून पालटून दोन्ही टोकांकडे. पहिल्या फेरीत १५ न्यूटन-मीटर, दुसऱ्या फेरीत २५. हे या इंजिनाचे कंपनीचे आकडे आहेत. हेडरच्या कागदावर त्यांच्या बोल्टांसाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळा. २५ म्हणजे काही फार नाही, मनगटाचा जोर. ‘अजून एक दाबा’ हा आपला हात इथे आवरायचा, कारण आटे ॲल्युमिनियमचे आहेत. कंपनीच्या पद्धतीत बोल्ट सुटू नयेत म्हणून आट्यांवर थ्रेडलॉक लावतात. काही हेडरवाले बोल्ट जाम होऊ नये म्हणून अँटी-सीझ सांगतात. दोन्ही एकदम लावू नका.

हेडची बाजू आवळून झाल्यावर खालचा कलेक्टर आवळा. प्लग थंड हेडमध्ये, हाताने सुरू करून बसवा. तारा नळ्यांपासून लांब बांधा. नळीला टेकलेली तार पहिल्याच दिवशी जळते. स्टार्टरची केबल कुठे टेकत नाही ना ते बघा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दांडा नळीला घासत नाही ना, तेही बघा.

शेवटी हेडर स्पिरिटने पुसा. बोटांचे तेलकट ठसे तापल्यावर कायमचे उमटतात.

गळती तपासायची सोपी युक्ती

इंजिन बंदच ठेवा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू शेपटाच्या पाइपला लावा, भोवती फडकं गुंडाळा आणि हेडरच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले तिथे गळती. भाजण्याची भीती नाही, धूर नाही.

मग गाडी अंगणात काढून पहिला स्टार्ट. पाच-दहा मिनिटं थोडा धूर आणि जळका वास येईल. तो नळ्यांवरच्या तेलाचा. सारखा येत राहिला तर इंजिन बंद करा आणि कारण शोधा. पहिल्या काही दिवसांत तीन-चार वेळा गाडी पूर्ण तापून पूर्ण थंड झाली की बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा. थ्रेडलॉक लावलं असेल तर हेडरच्या कागदात काय लिहिलंय ते आधी वाचा. गॅस्केट बसलं की पकड थोडी सैल होते. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि महिन्याभराने तीच टिक-टिक परत येते.

पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या श्रोत्यांसाठी

‘दादा, आमच्या बोलेरो पिकअपला हेडर लावू का?’ असं बरेच जण विचारतात. नको. आपल्याकडच्या पिकअप बहुतेक टर्बो डिझेल असतात. टर्बो फिरतो तापलेल्या वायूच्या जोरावर आणि तो मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. बिडाचा आखूड मॅनिफोल्ड ती उष्णता धरून टर्बोपर्यंत पोचवतो आणि टर्बोचं वजनही पेलतो. तिथे लांब नळ्या लावून फायदा काही नाही, तोटा नक्की.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

पण या भागातला अर्धा मजकूर तुमच्याही कामाचा आहे. गंजलेला बोल्ट चाकणमध्येही तसाच वागतो. जॅकखाली झोपायचं नाही हे सांगलीतही खरं. आणि सकाळी थंड गाडीतून टिक-टिक येत असेल, किंवा केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर आवाज वाढवणाऱ्या पाइपाआधी ती गळती शोधा. तुमच्या मिस्त्रीला सांगा, ‘मॅनिफोल्डचे बोल्ट बघा.’ पाच मिनिटांचं काम आहे, टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो.

पुढच्या भागात ऑक्सिजन सेन्सर नेमकं काय मोजतो ते बघू. तुमच्या गाडीतून कुठला विचित्र आवाज येत असेल तर तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. थंड इंजिनचा पाठवा बरं का, तापल्यावर खोडकर पोरं गप्प बसतात. भेटू!